मन भरून आलेल्या दिवशी काय करायचं

माझ्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये सुया, खडू आणि मापाच्या टेपाशेजारी एक दुमडलेला कागद असतो. वाईट दिवशी डोकं चालत नाही, काय करायचं ते सुचत नाही, म्हणून चांगल्या दिवशी स्वतःसाठी लिहून ठेवलेला. आता कडा झिजल्यात त्याच्या. गेल्या वर्षी ओळखीतल्या एका मुलीने तो मागून नेला, मग तिच्या आईने मागितला. म्हणून म्हटलं, एकदा सगळं नीट लिहूनच काढावं.

मी सोलापूरची. अक्कलकोट रोडच्या बाजूला आमचं घर, खाली दहा मशीनचं युनिट. शाळेचे गणवेश शिवतो. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते, पण गणवेशाचा धंदाही इथे मोठा आहे. घराघरात ओव्हरलॉक नि काज-बटणाची मशीनं आहेत. फेब्रुवारी ते जून आमचा सीझन. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा कापलेल्या शर्टांची बंडलं भिंतीला छतापर्यंत रचलेली होती. एका शाळेचा माल दुसऱ्या शाळेला चालत नाही. दोन सीझन गेले. सहा बायकांना मी माझ्या तोंडाने सांगितलं की उद्यापासून येऊ नका.

त्या दोन वर्षांत मी रडले नाही. जून २०२२ मध्ये शाळा वेळेवर सुरू झाल्या, ऑर्डरी आल्या, घरात पेढे आले आणि मी आडवी झाले. सगळं सुरळीत झालं असताना हिला आता काय झालं, हे घरात कुणालाच कळेना. मलाही कळेना.

सगळ्यात आधी हे

वाचता वाचता तुमच्या मनात मरणाचे विचार येत असतील, "मी नसले तर ह्यांचं बरं होईल" असं वाटत असेल, तर बाकीचं नंतर वाचा. १४४१६ वर फोन लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली. पैसे लागत नाहीत, रात्रीही फोन घेतात, मराठीत बोलता येतं. जिवाला लगेच धोका असेल तर ११२.

आणि घरातल्या, नात्यातल्या एका माणसाला सरळ शब्दांत सांगा. "मला बरं नाही" एवढ्याने समोरच्याला कळत नाही. मी नणंदेला फोनवर म्हटलं होतं, "वन्सं, मला जगू नये असं वाटतंय. मला एकटं राहायची भीती वाटते." ती पंढरपूरहून पहाटेच्या एसटीने आली. काही विचारलं नाही. फडताळातला गोळ्यांचा डबा उचलून आपल्या पिशवीत घातला आणि गवारीच्या शेंगा मोडायला बसली. मी तिच्या शेजारी बसले. त्या दिवशी तेवढंच झालं आणि तेवढंच हवं होतं.

घरच्यांना एक सांगते. पोलिसांची भानगड होईल या भीतीने दवाखान्यात न्यायला उशीर करू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मधल्या कलम ११५ प्रमाणे, जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, आणि त्याची काळजी, उपचार ही सरकारची जबाबदारी मानली जाते.

हा थकवा आहे की नैराश्य

मी चार महिने पाठदुखीसाठी फिरले. एक्स-रे काढला, मलमं लावली, पट्टा बांधला. पाठ खरंच दुखत होती. पण त्याच वेळी रोज पहाटे साडेतीनला जाग यायची आणि डोळा पुन्हा लागायचा नाही, हे मी एकाही डॉक्टरला सांगितलं नाही, कारण त्याचा पाठीशी काही संबंध असेल असं वाटलंच नाही. स्वयंपाकघरात तूर आणि मूग या दोन डब्यांसमोर मी पंधरा-वीस मिनिटं उभी राहायचे. कुठली डाळ लावायची ते ठरायचं नाही. शेवटी कुकर न लावताच परत येऊन पडायचे. आमच्याकडे बऱ्याच जणांचं नैराश्य असंच अंगातून बोलतं. डोकं धरतं, पाठ भरून येते, भूक मरते. माणूस गोळ्या बदलत राहतो.

डॉक्टर साधारण दोन आठवड्यांचा हिशेब धरतात. या काळात जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास असणं, किंवा एरवी आवडणाऱ्या कशातच रस न वाटणं, या दोनपैकी एक तरी असतं. त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, अपराधी वाटणं, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा एका जागी ठरता न येणं, आणि मरणाचे विचार. यावर नऊ प्रश्नांची एक चाचणी आहे, पीएचक्यू-९ म्हणतात. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा वर गेली तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. तिथे शून्य सोडून काहीही आलं, तर बाकीची बेरीज कितीही असो, दाखवा. माझी बेरीज १९ होती.

रक्त तपासून घ्या. थायरॉइड कमी पडला, हिमोग्लोबिन किंवा बी-१२ खाली गेलं तरी माणूस असाच मलूल होतो. माझं बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं घेतली, पायातल्या मुंग्या गेल्या. मनाचं तसंच राहिलं. म्हणजे दोन्ही होतं.

सोलापुरात सिव्हिलमध्ये मानसोपचाराचा विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. खाजगी दवाखानेही आहेत. मी पहिल्यांदा जिथे गेले तिथे दोन मिनिटांत चिठ्ठी हातात पडली, माझं वाक्यही पूर्ण झालं नव्हतं. मी जिना उतरून रिक्षात बसले आणि दोन महिने कुठेच गेले नाही. हे मी चुकले. डॉक्टर पटले नाहीत तर डॉक्टर बदलावा, उपचार सोडू नयेत. ते दोन महिने फार वाईट गेले.

गोळ्यांबद्दल, थोडक्यात पण नीट

गोळी सुरू केली की पहिले आठ-दहा दिवस मळमळतं, पोट बिघडतं, कधी झोप उडते. फायदा मात्र लगेच दिसत नाही. दोन ते चार आठवडे जातात, पूर्ण परिणामाला सहा-आठ लागू शकतात. म्हणजे आधी त्रास येतो, गुण नंतर येतो. बरेच लोक याच पहिल्या पंधरवड्यात गोळ्या बंद करतात. "सवय लागेल" अशी भीती सगळे घालतात. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते हे खरं, पण नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांची तशी ओढ लागत नाही. एकदम बंद केल्या तर मात्र गरगरतं, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं. म्हणून डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू उतरवायच्या. बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवतात.

डॉक्टरांना एक गोष्ट त्यांनी विचारली नाही तरी सांगा. पूर्वी कधी याच्या उलटा काळ आला होता का? झोप नसतानाही अंगात भलता जोर, खर्च हाताबाहेर, बोलणं थांबत नाही, असा. तसं असेल तर औषध वेगळं द्यावं लागतं. आणि रुग्ण पंचविशीच्या आतला असेल तर सुरुवातीच्या आठवड्यांत घरच्यांनी जास्त लक्ष ठेवावं. त्या वयात काहींचे मरणाचे विचार सुरुवातीला वाढू शकतात.

घालवायच्या नादात जे जातं

आता मला खरं सांगायचंय ते. गोळीने मला जमिनीवर उभं केलं. पण दुःख, लाज, भीती हे सगळं तिथेच होतं आणि मी दिवसभर ते हाकलत होते. सकाळी मोठ्याने भजनं लावायचे. फरशी तीनदा पुसायचे. मोबाइलवर येणारे "हसत राहा" वाले मेसेज वाचून आरशासमोर हसून बघायचे. संध्याकाळपर्यंत अंगात त्राण उरायचं नाही.

समुपदेशक मॅडमनी एकदा विचारलं, "ही उदासी घालवण्यात दिवसाचे किती तास जातात?" मी बोटांवर मोजायला लागले आणि नऊवर थांबले. नऊ तासांत आमच्याकडे एक चांगली टेलर कितीतरी शर्ट उतरवते.

लहानपणी आजी गोष्ट सांगायची. वैद्याने औषध दिलं आणि बजावलं, घेताना माकड आठवायचं नाही. त्या बिचाऱ्याला जन्मात कधी माकड आठवलं नव्हतं, आता पेला तोंडाला लावला की माकड हजर. मनाला "हे नको" म्हटलं की ते तेच धरून बसतं. मग काय करायचं? येऊ द्यायचं. बसू द्यायचं. हे ऐकायला सोपं वाटतं, पण याचीही पद्धत आहे आणि ती शिकावी लागते.

पहिलं म्हणजे नाव घ्यायचं. आपल्याकडे सगळ्याला एकच शब्द झालाय, टेन्शन. नवरा बोलला, टेन्शन. परीक्षा, टेन्शन. कुणी गेलं, त्याचंही टेन्शन. आणि मराठीत बघा किती शब्द पडून आहेत. संध्याकाळी उगीच कुणाची तरी वाट बघितल्यासारखं होतं ती हुरहूर. दोन्हीकडून ओढ बसून आत जे चालतं ती घालमेल. बोलायचंय पण तोंड उघडता येत नाही ती घुसमट. काही करावंसं वाटत नाही ती मरगळ. हातून झालं नाही त्याची हळहळ, हातून वाईट झालं त्याची बोचणी. खिन्न वेगळं, कासावीस वेगळं, चिडचिड वेगळी. मी वहीत हे शब्द उभे लिहून काढले आणि दिवसातून दोनदा, सकाळी अकरा आणि संध्याकाळी सहाला, त्यातल्या एकावर टिकमार्क करायला लागले. आठ दिवसांनी पाहिलं तर सकाळच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द: लाज.

मला वाटत होतं मी उदास आहे. अकरा वाजता मी उदास नसायचे, मला लाज वाटत असायची. कारण अकराच्या सुमाराला खालच्या गल्लीतून आमच्याकडे पूर्वी काम केलेली एक बाई दळण घेऊन जायची. ज्यांना मी येऊ नका म्हटलं त्यांच्यातली. मी खिडकीतून मागे सरायचे.

नाव कळल्यावर काही सगळं मिटलं नाही. पण काय करायचं ते दिसलं. एक दिवस खाली उतरले. ती शहराच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी. म्हणाली, "अक्का, तुम्ही तरी काय करणार होता? मी विड्या वळल्या, झालं." मग जरा थांबून म्हणाली, "पण शाळा सुरू झाल्यावर बोलावलं नाही, त्याचा राग आला होता." मी म्हटलं, "बरोबर आहे तुझं." ती आता परत माझ्याकडे कॉलर लावते. लाज अजून येते अधूनमधून, तिच्याकडे पगाराचे पैसे देताना जास्त येते. येते आणि जाते.

दुसरं, ती भावना अंगात कुठे आहे ते बघायचं. खुर्चीत बसा, पाय जमिनीला टेकवा, मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर लावा. डोळे मिटलेच पाहिजेत असं नाही. कुठे जाणवतंय? माझी लाज घशाशी असते, आवंढा गिळता येत नाही अशी. भीती पोटात, खड्डा पडल्यासारखी. बोचणी छातीच्या मधोमध, मुठीएवढी, जड. ती कमी करायची नाही. ती का आली याचा तपासही करायचा नाही, कारण तपास सुरू झाला की आपण भावनेपाशी राहत नाही, कोर्टात जाऊन उभे राहतो. नुसतं बघायचं. वाढते का, सरकते का, गरम आहे का. दुधाला उकळी येते तशी ती वर येते. आपण गॅसपाशी उभे आहोत एवढंच. माझ्या बाबतीत साधारण सहाव्या-सातव्या मिनिटाला ती सैल पडते. काही दिवशी पडत नाही. गजर वाजला की उठायचं, सैल पडली असो वा नसो.

इथे जपून. जुना मार, अत्याचार, अपघात असं काही मनात असेल आणि बसल्यावर तेच डोळ्यांसमोर येऊन श्वास कोंडत असेल, तर एकट्याने हे करू नका. उठा, माठातलं गार पाणी हातावर घ्या, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, आणि हा भाग समुपदेशकासोबतच करा.

तिसरं, वाक्याला शेपूट जोडायचं. "मी निकामी आहे." याच्यापुढे एवढंच लावायचं: "असं मनात आलंय." मी निकामी आहे, असं मनात आलंय. करून बघा, दोन्ही वाक्यं तोंडाने म्हणून बघा. पहिल्यात आपण बुडालेलो असतो, दुसऱ्यात काठावर बसून पाणी बघतो. हे मी ज्या उपचारपद्धतीतून शिकले तिचं नाव अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी. अमेरिकेतल्या स्टीव्हन हेज या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात ती मांडायला सुरुवात केली. आपल्याकडे त्याहून जास्त माहिती आहे ती विवेकनिष्ठ मानसोपचाराची, अल्बर्ट एलिस यांची, जी मराठीत कि. मो. फडके यांनी रुजवली. तिच्यात विचाराला उलटतपासणी घेऊन खोडायचं असतं: मी निकामी, याला पुरावा काय? मला दोन्ही उपयोगी पडतात, पण वेळा वेगळ्या आहेत. दिवसा, व्यापाऱ्याने पैसे दिले नाहीत म्हणजे मी धंद्याला नालायक, असं आलं तर मी बिलबुक काढून वाद घालते आणि बहुतेक वेळा जिंकते. पहाटे साडेतीनला मी कुठल्याच विचाराशी वाद घालत नाही. त्या वेळी तो जिंकतो. तेव्हा फक्त शेपूट जोडते आणि कुशीवर वळते.

एक गैरसमज मात्र घालवलाच पाहिजे. मनातलं स्वीकारायचं, घरातली मारहाण स्वीकारायची नाही. नवरा हात उचलतो, दारूत पगार घालवतो, सासरी छळ आहे, आणि कुणी सांगतं "मनाने मोठी हो, स्वीकार", तर ते चुकीचं सांगणं आहे. भीती वाटतेय हे मान्य करा आणि भीतीसकट १८१ ला फोन करा. ती महिलांसाठीची हेल्पलाइन आहे.

इच्छा झाल्यावर करीन, हे उलटं करा

नैराश्यात इच्छा आधी मरते. "जरा बरं वाटलं की करीन" म्हणत माणूस झोपून राहतो, आणि झोपून राहिल्याने बरं वाटत नाही. म्हणून आधी हात हलवायचा, इच्छा मागून आली तर आली. पण हात किती हलवायचा ते फार छोटं ठरवा. मला मॅडमनी विचारलं, "मशीनवरचं सगळ्यात छोटं काम कुठलं?" मी म्हटलं, बॉबिन भरणं, म्हणजे मशीनच्या खालच्या दोऱ्याची छोटी रीळ भरणं. म्हणाल्या, "उद्या एक बॉबिन भरा. शिवायचं नाही." एक बॉबिन भरायला मिनिटही लागत नाही. मी तीन दिवस ती भरू शकले नाही, चौथ्या दिवशी भरली. पांढऱ्या दोऱ्याची. तिथूनच सुरुवात झाली.

डिसेंबरात शेजारच्या काकांनी पांढरं कापड आणून दिलं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वजाच्या उंच काठीमागे चालायला बाराबंदी, म्हणजे बंदांचा पांढरा अंगरखा, शिवून हवी होती. आधीची दोन वर्षं करोनामुळे यात्रा नेहमीसारखी भरली नव्हती, जानेवारी २०२३ ला भरणार होती, म्हणून काकांना घाई. मला नाही म्हणता आलं नाही आणि एक अख्खा अंगरखा शिवेन असंही वाटेना. मग मी फक्त बंद घेतले. रोज दोन.

बंद म्हणजे कापडाची अरुंद पट्टी. उलटी बाजू वर ठेवून दुमडायची, कडेने टीप मारायची, की एक नळी तयार होते. मग एका टोकाला सेफ्टी पिन अडकवायची आणि ती आतून सरकवत सरकवत नळी सुलटी करायची. अर्ध्यात पिन अडते. मागे कापड चुण्या पडून गोळा होतं. त्या वेळी ओढलं तर टीप उसवते आणि पुन्हा पहिल्यापासून. थांबायचं, चिमटीने चुण्या एकेक मागे सारायच्या, पिन बोटभर पुढे, पुन्हा थांबायचं. दोन बंदांना मला त्या दिवसांत पाऊण तास लागायचा. एकदा बंद हातात असतानाच रडू फुटलं, पांढऱ्या कापडावर डाग पडले. मी उठले नाही. डोळे पुसले, पिन सरकवली. रडत असताना हात चालू शकतो, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं. तोवर मला वाटायचं, आधी रडं थांबायला हवं.

तुम्ही शिवत नसाल तर तुमचं बॉबिन शोधा. अंथरुणाची घडी. एका झाडाला पाणी. एका फोनला उत्तर. वहीत दोन आकडे लिहा: करण्याआधी मन किती जड होतं, दहापैकी, आणि केल्यानंतर किती. बऱ्याचदा नऊचं आठ होतं, एवढंच. पण आठ दिवसांची वही उलटून पाहिली की कशाने आठ होतं आणि कशाने नऊच राहतं ते कळतं. मला टीव्हीने कधीच आठ झालं नाही. कोथिंबीर निवडल्याने व्हायचं.

सोलापुरात एक गोष्ट आपल्याला उठवतेच, ती म्हणजे पाण्याचा दिवस. चार-पाच दिवसांनी नळ येतो, कधी मध्यरात्री, आणि तेव्हा मन कसं आहे ते कुणी विचारत नाही. मी त्याचा फायदा करून घेतला. पाणी भरून झालं की त्याच ओल्या हातांनी आंघोळ करायची, अंथरुणात परत जायचं नाही, असा नियम केला. आठवड्यातून एक-दोन आंघोळी तशा व्हायला लागल्या. त्या दिवसांत आंघोळ हे मोठं काम होतं, ज्याला हे झालंय त्याला सांगायला नको.

चालायला जात असाल तर सकाळीच जा. मे महिन्यात पारा ४२-४३ च्या घरात असतो, उन्हाने आणखी गळून जायला होतं. मी सिद्धेश्वर तलावाच्या कडेने जाते. सुरुवातीला फक्त रिक्षा स्टँडपर्यंत जाऊन परत यायचे.

यात्रेला त्या वर्षी मी गेले. गर्दीची धास्ती होती, पोटात खड्डा होता. जायचं, पण कडेला उभं राहायचं आणि पंधरा मिनिटांत परतायचं, असं मुलीशी ठरवलं. पांढऱ्या बाराबंद्यांचा लोंढा आला, त्यात काका दिसले का नाही ते मला सांगता येणार नाही, पण बंद सगळ्यांचेच वाऱ्यावर हलत होते. मी बावीस मिनिटं थांबले. मुलीने घड्याळ लावलं होतं.

घरच्यांनी काय बोलावं

"तुला काय कमी आहे?" हे बोलू नका. हा प्रश्न आम्ही स्वतःला दिवसातून शंभरदा विचारलेला असतो. "मन रमव", "बाहेर जाऊन ये", "आमच्या वेळी असलं नव्हतं", हेही नको. आमच्या यांना काय बोलावं ते कळायचं नाही, म्हणून ते बोलायचेच नाहीत, आणि मला वाटायचं त्यांना पर्वा नाही. पुढे एकदा त्यांनीच सांगितलं की ते दुकानात बसून घाबरायचे. आता ते एवढंच विचारतात, "चहा ठेवतो. शेजारी बसू का नुसतंच?" कधी मी नको म्हणते. तेही चालतं.

मैत्रिणी फोनवर "काय करलालीस गं?" विचारायच्या आणि मी "काय नाही, मस्त" म्हणायचे. आता एका-दोघींना खरं सांगते: "आज मरगळ आहे, जास्त बोलणार नाही, पण तू बोल." सगळ्यांना सांगायची गरज नाही. माणूस निवडून सांगा.

सासूबाई रोज सिद्धरामेश्वरापुढे माझ्यासाठी हात जोडायच्या आणि गोळीची वेळही त्याच सांभाळायच्या. देवळात जाण्याने कुणाला बळ मिळत असेल तर जरूर जावं. अंगारा लावून गोळी बंद करायला सांगणाऱ्यापासून लांब राहावं.

पुन्हा येतं

एकदा नैराश्य येऊन गेलं की ते पुन्हा येण्याची शक्यता असते, हे डॉक्टरांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. फार बरं केलं. नाहीतर २०२४ च्या पावसाळ्यात पहाटे साडेतीनला पुन्हा जाग यायला लागली तेव्हा मी सगळं वाया गेलं म्हणून कोसळले असते. माझी खूण ठरलेली आहे: सलग तीन पहाटे जाग आणि डाळीच्या डब्यासमोर उभं राहणं. तुमची खूण वेगळी असेल. आंघोळ टळणं, फोन न उचलणं, लहानसहान कारणावरून भांडणं. चांगल्या दिवशी घरच्यांना विचारून लिहून ठेवा, त्यांना ती आपल्या आधी दिसते. त्या वेळी मी तिसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले. गोळी थोडी वाढवली, अडीच महिन्यांत सावरले.

ड्रॉवरमधल्या कागदावर सगळ्यात वर १४४१६ आणि नणंदेचा नंबर आहे. त्याखाली "गोळी घेतली का", मग "नाव काय?", म्हणजे आत जे आहे त्याचं नाव. मग "आंघोळ जमत नसेल तर तोंड धू". शेवटी मोठ्या अक्षरात "बॉबिन".

गेले आठ दिवस मन जड आहे. सीझन संपला की असं होतं माझं. सकाळच्या रकान्यात यावेळी "हुरहूर" आहे, का ते माहीत नाही, मी शोधत बसलेली नाही. आज पाण्याचा दिवस. नळ रात्री साडेअकराच्या पुढे येईल, तोवर दोन कॉलरी लावून होतील.